पैसे एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर जातात, मग निरोप का जात नाही?

ग्रंथसखी

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. नव्या पुस्तकांची यादी, व्याख्यानांची निमंत्रणे आणि वार्षिक सभेची सूचना हे सारे आम्ही गेली अनेक वर्षे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकत आलो आहोत. २०२१ च्या जानेवारीत गोपनीयतेच्या नव्या अटींवरून चर्चा झाली तेव्हा काही सभासद सिग्नल या ॲपवर गेले. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुले टेलिग्रामवर आधीपासून होतीच. २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास आणखी काही जणांनी अरट्टई हे झोहो कंपनीचे ॲप घेतले. त्यामुळे आज एकच सूचना मला चार ठिकाणी चिकटवावी लागते, आणि कोणी काही विचारले तर उत्तरही चार ठिकाणी द्यावे लागते.

या वर्षी वार्षिक सभेची सूचना एका ठिकाणी टाकायची माझ्याकडून राहून गेली. ज्यांनी बालविभागाच्या जागेचा ठराव लेखी दिला होता ते आमचे सर्वांत जुने सभासद त्याच ग्रुपवर होते. सभा झाली आणि ठराव मांडणाराच हजर नसल्याने तो पुढे ढकलला गेला. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक बदलायला आले तेव्हा एवढेच म्हणाले, “बाई, कळलं असतं तर काठी टेकत आलो असतो.” ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

माझा प्रश्न असा आहे. आमच्या टेबलावर वर्गणीसाठी एकच क्यूआर कोड ठेवलेला आहे. सभासद आपापल्या मोबाइलवर कोणतेही ॲप वापरत असला तरी त्याचे पैसे वाचनालयाच्या खात्यात येतात. ईमेलचेही तसेच आहे, आणि फोन तर कोणत्याही कंपनीवरून कोणत्याही कंपनीला लागतो. मग दोन ओळींचा निरोप तेवढा एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर का जाऊ शकत नाही? यात तंत्राची काही खरी अडचण आहे, की कोणाला ते होऊ द्यायचेच नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दख्खनचा_प्रवासी

ताई, प्रश्न मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर बरेच मागे जाऊन द्यावे लागेल. मी पंचवीस वर्षे संगणकजाळ्यांच्या क्षेत्रात काम केले आहे. सुरुवातीलाच सांगतो, तुम्ही जे मागत आहात ते एकदा प्रत्यक्षात आलेले होते.

तत्काळ निरोपाची कल्पना मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकप्रणालीवर १९७३ साली डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी टॉकोमॅटिक नावाचा संगणकाचा कार्यक्रम लिहिला. त्यात एका खोलीत पाच जणांना बोलता येई आणि समोरचा टंकत असलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी आपल्या पडद्यावर उमटे. पण ही सारी माणसे एकाच यंत्रणेला जोडलेली होती. फिनलंडमधील ऊलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी ही गप्पांची व्यवस्था तयार केली, तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणचे सर्व्हर एकमेकांना जोडून एकच गप्पांचे जाळे उभे करता येते हे दिसले. त्याचे नियम उघड होते आणि कोणीही आपला सर्व्हर लिहू शकत असे.

कुंपणे पडायला सुरुवात झाली ती त्यानंतर. १९९६ साली इस्रायलच्या मिराबिलिस या छोट्या कंपनीने आयसीक्यू आणले. प्रत्येकाला एक क्रमांक, मित्रांची यादी आणि त्यातला कोण आत्ता हजर आहे हे सांगणारी खूण, असे त्याचे स्वरूप होते. पुढच्या वर्षी एओएल या अमेरिकन कंपनीचे एआयएम हे मेसेंजर आले, १९९८ मध्ये एओएलने मिराबिलिसच विकत घेतली आणि १९९९ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर काढले. मायक्रोसॉफ्टने आपल्या मेसेंजरमधून एआयएमच्या लोकांशीही बोलता येईल अशी सोय केली होती, आणि ती एओएलला अर्थातच नको होती. एओएलने आपल्या सर्व्हरवर अडवणूक करावी, मायक्रोसॉफ्टने काही तासांत किंवा दिवसांत पळवाट काढावी, असे कित्येक आठवडे चालले. शेवटी खरे एआयएम कोणते आणि सोंग घेतलेले कोणते हे ओळखण्यासाठी एओएलने स्वतःच्याच कार्यक्रमातील एका दोषाचा आधार घेतला आणि मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. तंत्र जमत नव्हते म्हणून हे दार बंद झाले नाही, हे यातून पुरेसे स्पष्ट होते. मित्रयादी ज्याच्याकडे, ग्राहक त्याच्याकडे, हा हिशेब त्यामागे होता.

१९९९ च्याच जानेवारीत जेरेमी मिलर यांनी जॅबर ही खुली निरोपव्यवस्था जाहीर केली. पुढे त्याचेच एक्सएमपीपी हे प्रमाण, म्हणजे सर्वांनी पाळायचे समान नियम, झाले आणि २००४ मध्ये इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या आयईटीएफने ते प्रसिद्ध केले. त्याची रचना तुमच्या ओळखीची वाटेल, कारण पत्ता अगदी ईमेलसारखा असतो: आधी व्यक्तीचे नाव, मग ते ‘ॲट’चे चिन्ह, मग सर्व्हरचे नाव. माझा सर्व्हर चिन्हापुढचे नाव वाचतो, तो सर्व्हर इंटरनेटवर कोठे आहे ते शोधतो, त्याच्याशी जोडणी करतो आणि निरोप त्याच्या स्वाधीन करतो. २००५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेले गूगल टॉक याच प्रमाणावर चालत होते, आणि २००६ च्या आरंभी त्याने बाहेरच्या सर्व्हरशीही दार उघडले. त्या काळात मी पुण्यातील कार्यालयात एका जुन्या संगणकावर स्वतःचा सर्व्हर चालवत असे. तिथून लिहिलेला निरोप परदेशातील मित्राच्या जीमेलच्या खिडकीत उमटे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे येई. आम्ही दोघे वेगवेगळ्या घरी राहत होतो, पण बोलणे एकच होते. हे मी अनेक वर्षे रोज वापरलेले आहे, म्हणून “असे होऊच शकत नाही” असे कोणी म्हटले की मला ते मान्य करता येत नाही.

२०१३ च्या मे महिन्यात गूगलने हँगआउट्स आणले आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरशी जोडणारा दुवा ठेवला नाही. फेसबुकनेही एक्सएमपीपीने आत येण्याची वाट काही वर्षे ठेवून नंतर बंद केली. तोपर्यंत मोबाइलचे युग आले होते. जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ मध्ये काढलेल्या व्हॉट्सॲपने आतून एक्सएमपीपीचेच रूप घेतले, पण त्यातील लांबलचक शब्दांच्या जागी छोटे संकेत वापरून ते हलके केले, म्हणजे मंद जाळ्यावर आणि साध्या फोनवरही चालावे. सर्व्हरच्या बाजूला एर्लँग ही भाषा वापरली, जी एरिक्सन कंपनीत टेलिफोनच्या एक्स्चेंजसाठी जन्माला आली होती. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेण्याचे जाहीर केले तेव्हा दरमहा वापरणारे ४५ कोटी लोक होते आणि ते सांभाळणारे अभियंते अवघे बत्तीस. कारागिरी म्हणून मला याचे आजही अपार कौतुक वाटते. पण आत उघड्या प्रमाणाचा सांगाडा असूनही बाहेरचा दरवाजा मात्र त्यांनी बसवलाच नाही.

आता पैशांची तुलना. यूपीआय २०१६ मध्ये आले ते आधी रस्ता आणि मग गाड्या अशा क्रमाने आले. राष्ट्रीय देयक निगमाने (एनपीसीआय) रस्ता बांधला, बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अंकुश होताच, आणि ज्याला ॲप काढायचे त्याने त्याच रस्त्यावरून जायचे हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. फोनचेही तसेच आहे. एका कंपनीचे जाळे दुसरीला जोडणे हे नियमाने बंधनकारक आहे, आणि २०११ च्या जानेवारीपासून तर आपण तोच नंबर ठेवून कंपनीही बदलू शकतो. निरोपांच्या बाबतीत प्रत्येकाने स्वतःचा रस्ता बांधला. व्हॉट्सॲपने तुमची ओळख म्हणून जो मोबाइल नंबर घेतला तो मुळात या सामायिक व्यवस्थेतलाच होता. म्हणूनच नवे नाव, नवा पासवर्ड काही न करता फोनमधले सगळे ओळखीचे लोक आपोआप दिसू लागले आणि ते घरोघरी पोहोचले. सामायिक व्यवस्थेचा एवढा लाभ ज्याला झाला, त्याच्याकडून सामायिकतेची अपेक्षा करणे मला गैर वाटत नाही.

सह्यकडा

प्रवासी यांनी इतिहास उत्तम मांडला आहे. पण २०१६ नंतर एक खरी तांत्रिक अडचण उभी राहिली आहे आणि ती बाजूला सारता येणार नाही. मी सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून तेवढ्याच भागाबद्दल लिहिते.

गूगल टॉकच्या काळात निरोप फार तर आपल्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेत कुलूपबंद असे, आणि प्रत्येक सर्व्हरवर तो उघडा असे. ईमेल बहुतांशी आजही तसेच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपने सर्व संभाषणांना सिग्नलचे कूटतंत्र (एन्क्रिप्शन) लावले आणि चित्र बदलले. तुम्ही ॲप सुरू करता तेव्हा तुमचा फोन किल्ल्यांची जोडी तयार करतो. खाजगी किल्ली फोनमध्येच राहते आणि उघडी किल्ली सर्व्हरवर जाते. त्याबरोबर एकदाच वापरायच्या उघड्या किल्ल्यांचा एक जुडगाही सर्व्हरकडे ठेवला जातो, म्हणजे तुमचा फोन बंद असला तरी कोणीही त्यातली एक किल्ली घेऊन तुमच्यासाठी निरोप कुलूपबंद करू शकेल. पुढे प्रत्येक निरोपागणिक किल्ली बदलते आणि जुनी नष्ट होते. विहिरीच्या रहाटाला उलटे फिरू न देणारी खुंटी असते, तसे हे चक्र पुढेच जाते, त्यामुळे आज एखादी किल्ली चोरीला गेली तरी कालचे निरोप उघडत नाहीत. तुमच्या ग्रुपवर दिसणारी एक टिक म्हणजे कुलूपबंद पाकीट सर्व्हरकडे पोहोचले, दोन टिका म्हणजे ते फोनवर उतरले. मधल्या काळात सर्व्हर फक्त पाकीट सांभाळतो, आतले वाचू शकत नाही.

आता समजा सिग्नलवरच्या सभासदाला तुमच्या व्हॉट्सॲपवरून सूचना पाठवायची आहे. त्याची उघडी किल्ली तुम्हाला कोण देणार? त्या दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर. त्याने खरी दिली की मधल्या कोणाची, हे तुम्ही कसे ओळखणार? एकाच ॲपमध्ये दोघांनी साठ आकडी सुरक्षा क्रमांक ताडून पाहण्याची सोय असते, पण वेगवेगळ्या ॲपमध्ये ती दोघांनाही सारखीच समजली पाहिजे. पुढे आणखी गुंता आहे. तुम्ही निरोप ‘सर्वांसाठी डिलीट’ केला तर दुसऱ्या ॲपने तो पुसला पाहिजे. तुम्ही एखाद्याला ब्लॉक केले तर तो तिकडून येता कामा नये. एका ॲपने निरोपांची प्रत बिनकुलपी साठवली, तर दुसऱ्या ॲपवर काळजी घेणाऱ्या माणसाची गोपनीयताही तिथेच संपते.

यावर उपायच नाही असे मी म्हणत नाही. मोठ्या ग्रुपसाठीचे समान कूटप्रमाण आयईटीएफने २०२३ मध्ये प्रसिद्ध केले आहे. युरोपीय संघाने तर कायदाच केला. त्यांच्या डिजिटल बाजारविषयक कायद्यानुसार व्हॉट्सॲप आणि फेसबुकचे मेसेंजर यांना, मागणी करणाऱ्या इतर सेवांशी जोडणी देणे बंधनकारक आहे, आणि दोघांमधील कुलूपबंदी कायम राहिली पाहिजे अशीही त्यात अट आहे. २०२४ च्या मार्चपासून ही बंधने लागू झाली आहेत. मात्र सुरुवात दोन व्यक्तींमधील संभाषणापासून होती आणि ग्रुपसाठी पुढची मुदत दिलेली होती, कारण ग्रुपच सर्वांत अवघड आहेत. आणि ताई, तुम्हाला हवा आहे तो नेमका ग्रुपच.

ग्रंथसखी

आपण दोघांनी इतका वेळ देऊन लिहिले याबद्दल मनापासून आभार. किल्ल्यांच्या जुडग्याचे उदाहरण मला लगेच कळले, कारण कपाटांच्या किल्ल्या मी रोज सांभाळते. एक शंका आहे. अरट्टईच्या निर्मात्यांनी, म्हणजे झोहोच्या श्रीधर वेंबू यांनी, निरोपांची व्यवस्था यूपीआयप्रमाणे खुली असावी असे म्हटल्याचे वाचले होते. मग भारतातही असा कायदा करायला काय हरकत आहे?

तापीकाठ

हरकत आहे असे नाही, पण एक गोष्ट विसरता येत नाही, म्हणून लिहितो. मी धुळे जिल्ह्यातला आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या आठवड्यांत आमच्याकडे प्रत्येक फोनवर तसलेच व्हिडिओ फिरत होते. माझ्या स्वतःच्या आईने मला एक दाखवून विचारले होते, “हे आपल्याकडचंच आहे का रे?” तिला इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली आणि चित्रांशेजारचे झटपट फॉरवर्डचे बटण काढले. २०२० च्या एप्रिलपासून, वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. सर्व्हरला आतला मजकूर दिसत नाही हे सह्यकडा यांनी सांगितलेच आहे. मग हे कसे चालते? तो निरोप किती वेळा पुढे गेला याची मोजणी कुलूपबंद पाकिटाच्या आतच निरोपाबरोबर प्रवास करते आणि मर्यादा पाळण्याचे काम फोनमधले ॲपच करते. म्हणजे ॲप प्रामाणिक असेल तरच मोजणी टिकते. खुल्या व्यवस्थेत एखाद्या ॲपने ती मोजणी शून्यावर आणली तर अडवणार कोण? कायदा अवश्य करावा, पण मोजणी, तक्रार आणि ब्लॉक यांचे नियम आधी लिहून घ्यावेत आणि मगच दारे उघडावीत. निरोप कोणी प्रथम पाठवला हे शोधून देण्याची तरतूद २०२१ च्या नियमांत केंद्र सरकारने केली आणि व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, हेही येथे नोंदवतो. प्रत्येकाचा माग काढणे हा उपाय मला स्वतःला पटत नाही. वेग कमी करणे पटते.

दख्खनचा_प्रवासी

तापीकाठ, तुमचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात तो यायला हवा होता. गूगल टॉकच्या खुल्या दारातूनही नको असलेली निमंत्रणे येत असत, ती मी सांगितली नाहीत. प्रमाण लिहिताना अक्षरांच्या वाहतुकीइतकाच दुरुपयोगाचाही विचार झाला पाहिजे. तरीही दोष खुलेपणाचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्या अफवा बंद कुंपणाच्या आतच पसरल्या होत्या.

अक्षरजुळारी

वरील चर्चेत एका समान प्रमाणाचा उल्लेख राहिला, आणि ते मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. आपण हा धागा देवनागरीत वाचत आहोत हेच मुळात एका जुळणीचे फळ आहे. मी अक्षरजुळणीच्या व्यवसायात होतो. पूर्वी एका फॉण्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे दिसत, कारण प्रत्येक फॉण्टचा संकेत निराळा होता. युनिकोड या सर्व लिप्यांच्या समान संकेताने १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला जागा दिली, पण ते आपल्या हातातल्या फोनवर पोहोचायला फार वर्षे गेली.

एसएमएसचेच पाहा. त्यात १४० बाइट बसतात, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. इंग्रजी अक्षरे सात बिटांत मावतात म्हणून १६० बसतात, देवनागरीला प्रत्येक चिन्हासाठी सोळा बिट लागतात म्हणून ७० च बसतात. त्यातही ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्याला चार-पाच अक्षरांचा वाटतो, पण काना, हलन्त सारे सुटे मोजले तर दहा जागा खातो. आपल्या मुलांनी “kasa aahes” च्या वळणाने, म्हणजे रोमन लिपीत, मराठी लिहायची सवय लावून घेतली यात या हिशेबाचा आणि देवनागरी न दाखवणाऱ्या जुन्या हँडसेटचा मोठा वाटा आहे. मोबाइलवरील ॲपने ही सत्तरची भिंत पाडली आणि माझ्या वयाची माणसे पुन्हा स्वतःच्या लिपीत लिहू लागली. आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. ‘ॲप’ या शब्दातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून वेळ मारून नेत असू, आणि काही फोनवर तो चंद्र अक्षराला सोडून शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे.

ताई, आता तुमच्या सभेबद्दल. सत्तर चिन्हांत सूचना बसते. ‘वार्षिक सभा रविवार १४ तारीख सकाळी १०, वाचनालयात. अवश्य यावे.’ मी मोजून पाहिले, एका एसएमएसमध्ये मावते. तो कोणत्याही फोनवर, कोणत्याही कंपनीवर, इंटरनेट नसतानाही जातो.

सह्यकडा

अक्षरजुळारी यांची सूचना व्यवहार्य आहे. त्याला एक जोड देते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात, व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोहोचली आणि उघडलीही गेली हे निळ्या टिकांवरून दिसते, म्हणून ती बजावली गेल्याचे मानले होते. पण ते त्या प्रकरणापुरते होते, आणि निळी टिक सेटिंगमधून बंदही करता येते. वाचनालयाच्या घटनेत सभेची सूचना कशी द्यावी हे लिहिलेले असेल, ते आधी पाहा. ॲपवरच्या ग्रुपला सोय म्हणून ठेवावे आणि अधिकृत सूचना एसएमएस आणि फलक यांवरच द्यावी.

ग्रंथसखी

घटना काढून पाहिली. सूचना “फलकावर लावून व सभासदांच्या नोंदलेल्या पत्त्यावर” द्यावी असे १९७४ सालच्या प्रतीत स्वच्छ अक्षरात लिहिले आहे. ग्रुप सुरू झाल्यापासून आम्ही पत्ते पाहणेच सोडले होते. या आठवड्यात सभासदनोंदवहीतून सर्वांचे मोबाइल नंबर तपासून घेत आहे. ज्यांचा ठराव राहिला त्यांच्याकडे आज सायंकाळी स्वतः जाऊन आले. पुढच्या महिन्यात विशेष सभा बोलावण्याचे अध्यक्षांनी मान्य केले आहे, आणि त्यांचा ठराव कार्यक्रमपत्रिकेत पहिला घेतला आहे.